‘लिगामेंट’ म्हणून घरी पाठवलेला गुडघा : एका किशोर कबड्डीपटूच्या ग्रोथ प्लेटचे प्रकरण

हे प्रकरण सांगली जिल्ह्यातील आठवीत शिकणाऱ्या एका मुलाचे आहे. दुखापत झाली तेव्हा त्याचे वय १२ वर्षे १० महिने होते आणि शेवटच्या तपासणीला तो १७ वर्षांचा झाला होता. ओळख पटू नये म्हणून काही किरकोळ तपशील बदलले आहेत. तपासणीतील निष्कर्ष, मोजमापे आणि निर्णयांचा क्रम मात्र जसाच्या तसा ठेवला आहे. उपचार करणाऱ्यांपैकी मी एक असल्यामुळे या लेखनात मी तटस्थ असल्याचा आव आणत नाही. काही निर्णय आमचे होते, आणि त्यांतील एकाबद्दल माझ्या मनात अजूनही शंका आहे.

दुखापतीचा दिवस

ऑगस्ट महिना होता आणि तालुक्याच्या शालेय क्रीडा स्पर्धा सुरू होत्या. १४ वर्षांखालील गटातील कबड्डीचा सामना पावसाने जड झालेल्या मातीच्या मैदानावर चालला होता. मुलगा चढाईपटू होता. बोनस रेषेकडे झेप घेताना उजवा पाय जमिनीत रोवलेला असतानाच कोपरारक्षकाने त्याच्या मांडीला बाहेरच्या बाजूने मिठी घातली, पाठोपाठ आणखी दोघे अंगावर आले, आणि सगळ्यांचा भार पडून रोवलेल्या पायाचा गुडघा आतल्या बाजूला वाकला. ‘कट’ असा आवाज आल्याचे मुलगा सांगत होता. तो आवाज शेजारच्या खेळाडूनेही ऐकला होता. त्याला उचलून बाहेर आणावे लागले, कारण पाय टेकवताच येत नव्हता.

क्रीडाशिक्षकांनी वेळ न दवडता त्याला मोटारसायकलवर मध्ये बसवून तालुक्याच्या ठिकाणी नेले. तेथे गुडघ्याचे समोरून आणि बाजूने असे दोन एक्स-रे काढण्यात आले, ‘हाड मोडलेले नाही, आतल्या बाजूचे लिगामेंट ताणले आहे’ असे निदान झाले आणि क्रेप बँडेज, वेदनाशामक गोळ्या व पाच दिवसांची विश्रांती सांगून घरी पाठवण्यात आले. चौथ्या दिवशी एका नातेवाइकाच्या आग्रहाने त्याला हाडवैद्याकडे नेले गेले, तेथे दोन वेळा तेल चोळून, पाय ओढून ‘शीर बसवण्यात’ आली. आठव्या दिवशी सूज थोडी ओसरली होती आणि पुढची फेरी दोन दिवसांवर आली होती. मुलाचा जन्म ऑक्टोबरचा, म्हणजे पुढच्या वर्षी तो १४ वर्षांचा होणार होता आणि या गटात बसणार नव्हता. संघातही त्याच्याशिवाय दुसरा भरवशाचा चढाईपटू नव्हता. मैदानावर हलके धावून पाहताना वळणावर पाय दगा देऊन गेला आणि सूज पहिल्यापेक्षा जास्त आली. बाराव्या दिवशी वडील त्याला मिरजेला आमच्याकडे घेऊन आले. त्यांच्या हातात पहिल्या दिवसाचे एक्स-रे होते आणि तोंडी एकच प्रश्न होता : ‘साहेब, लिगामेंटचं ऑपरेशन लागतंय का?’

बोटाने सापडलेली जागा

दुखरी जागा गुडघ्याच्या सांध्यात नव्हती. गुडघ्याच्या आतल्या बाजूला सांध्याची फट बोटाने चाचपता येते, आणि तेथे दाबल्यावर मुलगा शांत होता. बोट दोन-तीन सेंटिमीटर वर, वाटीच्या वरच्या कडेच्या पातळीवर नेताच त्याने हात धरला. त्याच पातळीवर पुढून आणि बाहेरच्या बाजूनेही दाबून पाहिले, तेव्हा वेदना हाडाभोवती पट्ट्यासारखी फिरलेली आढळली. ताणलेले लिगामेंट एका बाजूला दुखते. हाडाला वळसा घालणारी वेदना त्याने सहसा होत नाही. वाटीच्या वरच्या कडेची ही पातळी म्हणजे मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाची ग्रोथ प्लेट.

ग्रोथ प्लेट म्हणजे वाढत्या हाडाचा दांडा आणि त्याचे टोक यांच्यामध्ये असलेला, काही मिलिमीटर जाडीचा कूर्चेचा थर. टोकाकडच्या बाजूला नव्या पेशी जन्मतात, रांगा करून दांड्याकडे सरकतात, फुगतात, आणि शेवटी त्यांच्या जागी हाड तयार होते. हाडाची लांबी वाढते ती अशी. फुगलेल्या पेशींचा पट्टा या सगळ्यात कच्चा असतो, कारण तेथे पेशी मोठ्या आणि त्यांना धरून ठेवणारा मसाला कमी असतो. वाढत्या वयात गुडघ्याची लिगामेंट या थरापेक्षा बळकट असतात. आतल्या बाजूचे लिगामेंट मांडीच्या हाडाला ग्रोथ प्लेटच्या खाली, म्हणजे टोकाच्या भागावर चिकटलेले असते. गुडघा आत वाकला की ते ताणले जाते, तुटत नाही, आणि आपल्या ओढीने टोकाला दांड्यापासून उचकटते. जो झटका पंचविशीतल्या खेळाडूचे लिगामेंट फाडतो, तोच बारा-तेरा वर्षांच्या मुलाच्या ग्रोथ प्लेटमध्ये फट पाडतो. म्हणून या वयात, सांध्याजवळच्या हाडावर दाबून दुखत असेल तर, ‘मुरगळले’ हे निदान सर्वांत शेवटी करायचे असते.

पहिल्या दिवसाचे एक्स-रे मी पुन्हा प्रकाशपेटीवर लावले. ग्रोथ प्लेट आतल्या बाजूला किंचित रुंद होती आणि बाहेरच्या बाजूला दांड्याच्या कडेला केसाएवढी एक रेघ होती. निदान कळल्यावर दिसणारी रेघ आणि निदान कळण्यापूर्वी दिसणारी रेघ यांत फरक असतो, आणि त्या संध्याकाळी मी त्या टेबलाशी असतो तर ती मला दिसली असतीच असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. कूर्चा एक्स-रेत उमटत नाही. ग्रोथ प्लेट तेथे काळ्या पट्टीसारखी दिसते आणि ती किती रुंद असावी हे प्रत्येक मुलात वेगळे असते. त्यामुळे दुसऱ्या, चांगल्या गुडघ्याचा एक्स-रे काढून शेजारी ठेवणे हा जुना आणि स्वस्त उपाय आहे. तोही निर्णायक नसेल, तर मोड आहे असे गृहीत धरून पाय प्लास्टरच्या पट्टीत ठेवायचा आणि दहा-बारा दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढायचा, किंवा जेथे सोय आहे तेथे एमआरआय करायचा. या मुलाच्या बाबतीत यांपैकी काही झाले असते तर मोड न सरकता जुळली असती, एवढे मी खात्रीने म्हणतो. पुढे जे घडले ते टळले असते का, याबद्दल तशी खात्री नाही, आणि त्याचे कारण या विशिष्ट ग्रोथ प्लेटमध्ये आहे.

बाराव्या दिवसाचा प्रश्न

नव्या एक्स-रेत शंकेला जागा नव्हती. टोक दांड्यापासून ५ मिलिमीटर बाहेर सरकले होते आणि ८ अंशांनी कलले होते. आतल्या बाजूला फट होती आणि बाहेरच्या बाजूला दांड्याचा एक त्रिकोणी तुकडा टोकासोबत निघून आला होता. टोरांटोचे रॉबर्ट सॉल्टर आणि रॉबर्ट हॅरिस यांनी १९६३ मध्ये ग्रोथ प्लेटच्या मोडींचे पाच प्रकार सांगितले. आजही जगभर डॉक्टर त्याच भाषेत बोलतात. ही त्यांतली दुसऱ्या प्रकारची मोड, सर्वांत जास्त आढळणारी. मनगटात हीच मोड झाली असती तर मी वडिलांना निर्धास्त केले असते, कारण मनगटाची ग्रोथ प्लेट सपाट असते, मोड कच्च्या पट्ट्यातून सरळ जाते, जन्म देणाऱ्या पेशी टोकासोबत सुरक्षित राहतात आणि वाढ बिघडण्याची वेळ क्वचित येते. मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला हा हिशोब लागू होत नाही. येथे ग्रोथ प्लेट उंचसखल असते, टोकाचे उंचवटे दांड्याच्या खळग्यांत बसलेले असतात. त्यामुळे चालण्या-धावण्याचा भार ती सहज पेलते, पण जोराचा आडवा झटका बसला की मोडीची रेघ एका पट्ट्यात न राहता उंचवटे घासत, जन्मपेशींच्या थरातूनही जाते. म्हणूनच येथील मोडींनंतर वाढ बिघडण्याचे प्रमाण वेगवेगळ्या अभ्यासांत जवळपास निम्म्यापर्यंत नोंदले गेले आहे. आणि हीच ग्रोथ प्लेट मांडीच्या हाडाच्या लांबीतील सुमारे ७० टक्के वाढ देते, वर्षाला साधारण ९ मिलिमीटर.

मुलाच्या पावलाच्या दोन्ही नाड्या चांगल्या लागत होत्या आणि पंजा वर उचलता येत होता. गुडघ्यामागची मोठी रोहिणी या हाडाला अगदी चिकटून जाते, म्हणून अशा प्रत्येक मुलात हे आधी पाहायचे असते.

अडचण वेळेची होती. ग्रोथ प्लेटची मोड पहिल्या काही दिवसांत भूल देऊन हलक्या हाताने जागेवर बसवता येते. साधारण सात ते दहा दिवसांनंतर मात्र जुळण्याची प्रक्रिया इतकी पुढे गेलेली असते की जोर लावून बसवताना जिवंत राहिलेल्या पेशीही खरवडल्या जातात. अशा वेळी वाकडे जुळू द्यावे आणि पुढे हाड कापून सरळ करावे, असा प्रघात आहे. दुसरीकडे, बाजूचा कल वाढीबरोबर आपोआप सुधारेल ही आशा गुडघ्याजवळ फारशी धरता येत नाही, कारण गुडघा पुढे-मागे वाकतो आणि हाड स्वतःला सुधारते ते मुख्यतः सांधा ज्या दिशेने हलतो त्या दिशेने. तेरा वर्षांच्या मुलात ८ अंश कल तसाच सोडणे म्हणजे तो जन्मभर देणे.

निर्णय एमआरआयने दिला. आतल्या बाजूला हाडावरचे आवरण फाटून त्याची एक घडी फटीत अडकली होती. ती तेथे असेपर्यंत मोड बंद होणे शक्य नव्हते, आणि कूर्चेच्या दोन कडांमध्ये आवरण दबून राहिले की तेथे हाड तयार होण्याची भीतीही वाढते. म्हणून आम्ही आतल्या बाजूने छोटा छेद घेऊन ती घडी बाहेर काढायची, मग फक्त हाताची ओढ देऊन जेवढे सरकेल तेवढे सरकू द्यायचे, लोखंडी अवजाराने उचकटायचे नाही, असे ठरवले. घडी निघाल्यावर टोक अपेक्षेपेक्षा सहज जागेवर आले. बाहेरच्या बाजूच्या त्रिकोणी तुकड्यातून दोन पोकळ स्क्रू ग्रोथ प्लेटला समांतर बसवले, ग्रोथ प्लेट ओलांडली नाही. चार आठवडे प्लास्टर, सहा आठवडे पायावर भार नाही. सहाव्या आठवड्यात मोड जुळली होती, तिसऱ्या महिन्यात गुडघा पूर्ण वाकत होता आणि पाय सरळ होता.

माझी शंका इथली आहे. पहिल्या झटक्यात किती पेशी गेल्या, चोळण्या-ओढण्यात किती, मैदानावरच्या त्या वळणात किती आणि आमच्या हातून बाराव्या दिवशी किती, हे वेगळे काढण्याचा कोणताही मार्ग नाही. वडिलांनी पुढे एकदा हाडवैद्याला दोष दिला तेव्हा मी त्यांना हेच सांगितले.

हरवलेले वर्ष

तिसऱ्या महिन्यानंतर आम्ही सहाव्या महिन्यात बोलावले होते. तो फेब्रुवारी, गळिताचा हंगाम. वडील कारखान्याला ऊस ओढणाऱ्या ट्रॅक्टरवर होते. मुलगा धावत होता, दुखत नव्हते, पाचव्या महिन्यापासून तो आम्हाला न विचारता सरावालाही जात होता. बऱ्या झालेल्या पायाला दाखवायला दिवसाची मजुरी बुडवून मिरजेला का यायचे, हे आम्ही त्यांना पटेल असे सांगितले नव्हते. केसपेपरवर ‘सहा महिन्यांनी दाखवणे’ एवढेच लिहिले होते. ग्रोथ प्लेटच्या मोडीत हाड जुळणे ही उपचाराची पहिली पायरी असते आणि खरा निकाल वर्ष-दोन वर्षांनी लागतो, हे त्या ओळीत कुठेच नव्हते. हा दोष मी आमच्याकडे घेतो.

सोळाव्या महिन्यात आई त्याला घेऊन आली. शाळेच्या पँटची उजवी बाजू घोट्यावर गोळा होते, डावी बरोबर बसते, हे तिने इस्त्री करताना पाहिले होते. शिंप्याने दोन्ही पाय सारखेच शिवले होते. उभे राहिल्यावर उजवा गुडघा बाहेरच्या बाजूला धनुष्यासारखा झुकलेला दिसत होता. कमरेपासून घोट्यापर्यंतच्या उभ्या एक्स-रेत डावा पाय गुडघ्यात ६ अंश बाहेर उघडत होता, जे त्या वयात स्वाभाविक आहे, तर उजवा उलट २ अंश आत होता. म्हणजे दोन्हींत ८ अंशांचा फरक. उजवा पाय ८ मिलिमीटर आखूड होता.

गुडघा मोडताना आतल्या बाजूला वाकला होता, मग पाय बाहेर का झुकला? पालकांनी नव्हे, आमच्याकडच्या एका प्रशिक्षणार्थी डॉक्टरने हा प्रश्न विचारला होता आणि तो योग्य होता. दुसऱ्या प्रकारच्या मोडीत त्रिकोणी तुकडा ज्या बाजूला असतो, त्या तुकड्याखालची ग्रोथ प्लेट सहसा वाचते, कारण रेघ तेथे तिला सोडून दांड्यात शिरलेली असते. या मुलात तुकडा बाहेरच्या बाजूला होता. फाटली ती आतली बाजू, आणि बरी होताना तेथे टोक व दांडा यांना जोडणारा हाडाचा पूल तयार झाला. पूल पडलेली आतली बाजू थांबली, बाहेरची वाढत राहिली. एक्स-रेत याची सही असते : दुखापतीच्या वेळी वाढ क्षणभर मंदावल्याची एक आडवी पांढरी रेघ हाडात उमटते आणि पुढे ग्रोथ प्लेट तिच्यापासून दूर जात राहते. निरोगी वाढीत ती रेघ ग्रोथ प्लेटला समांतर राहते. या मुलाची रेघ बाहेरच्या बाजूला एक सेंटिमीटर दूर गेली होती आणि आतल्या बाजूला ग्रोथ प्लेटमध्येच घुसली होती. सहाव्या महिन्याच्या एक्स-रेत ती तिरकी होऊ लागलेली दिसली असती.

उंचीचा हिशोब

आता दोन आकडे हवे होते : पूल किती मोठा आणि वाढ किती शिल्लक. एमआरआयवरून काढलेल्या नकाशात पूल आतल्या कडेला, एकूण क्षेत्राच्या सुमारे २० टक्के होता. शिल्लक वाढीचा ढोबळ नियम असा की मुलांमध्ये मांडीच्या हाडाचे खालचे टोक वयाच्या १६ व्या वर्षापर्यंत वर्षाला ९ मिलिमीटर देते. मुलाचे कागदावरचे वय १४ वर्षे २ महिने होते, पण डाव्या हाताच्या एक्स-रेवरून हाडाचे वय साडेतेराच्या आसपास निघाले. किरकोळ अंगाच्या, उशिरा वयात येणाऱ्या मुलांत असे आढळते. म्हणजे अडीच वर्षे, सुमारे २२ मिलिमीटर. काहीच न करता थांबलो असतो तर बाहेरची बाजू तेवढी वाढली असती, आतली वाढली नसती, आणि ८ अंशांचा फरक वीस अंशांच्या पलीकडे गेला असता.

दोन मार्ग खरे होते. पहिला : उजव्या ग्रोथ प्लेटचा उरलेला भागही बंद करायचा, म्हणजे वाकणे थांबते, लांबीचा फरक वाढू नये म्हणून डाव्या पायाचीही तीच ग्रोथ प्लेट बंद करायची, आणि आधीचा बाक हाड कापून सरळ करायचा. हा मार्ग भरवशाचा आहे. त्याची किंमत म्हणजे दोन्ही मांड्यांतून जाणारी सुमारे दोन सेंटिमीटर उंची. दुसरा : पूल कोरून काढायचा, रिकाम्या जागेत चरबी भरायची म्हणजे तेथे पुन्हा हाड होणार नाही, आणि राहिलेल्या ग्रोथ प्लेटला वाढू द्यायचे. फिनलंडच्या अँडर्स लँगेन्शॉल्ड यांनी १९६७ मध्ये मांडलेली ही शस्त्रक्रिया. पूल निम्म्यापेक्षा लहान आणि निदान दोन वर्षांची वाढ शिल्लक असेल तरच ती करावी असा संकेत आहे. तरीही प्रत्येक वेळी ती यशस्वी होते असे नाही, आणि वाढ परत सुरू झाली तरी ती ग्रोथ प्लेट बहुधा लवकर मिटते.

मुलाची उंची तेव्हा १५० सेंटिमीटर होती आणि प्रौढ उंचीचा आमचा अंदाज १६७ च्या आसपास होता. वडिलांनी हा आकडा ऐकला आणि ते लगेच म्हणाले, ‘साहेब, पोलीस भरतीला १६५ लागते. दोन सेंटिमीटर गेली तर पोरगं बसणार कुठं?’ भरतीच्या वैद्यकीय तपासणीत पायांचा बाक पाहतात हेही त्यांना ठाऊक होते. गावात त्यावरून परत आलेली मुले होती. वैद्यकीय पुस्तकांत उंचीचे दोन सेंटिमीटर ही क्षुल्लक बाब म्हणून लिहिलेली असते आणि बहुतेक ठिकाणी ती असतेही. या घरात ती नव्हती. आकडे दुसऱ्या मार्गाला जेमतेम अनुकूल होते, घरची गरज त्याच बाजूला होती, आणि तो फसला तर पहिला मार्ग नंतरही मोकळा राहणार होता. आम्ही दुसरा निवडला.

जानेवारीत शस्त्रक्रिया झाली. आतल्या बाजूने शिरून पूल बारीक फिरत्या अवजाराने, पाण्याच्या धारेखाली कोरत नेला. निरोगी कूर्चा दिसू लागते ती निळसर पांढऱ्या बारीक दोऱ्यासारखी, आणि पोकळीच्या कडेने हा दोरा सलग दिसेपर्यंत थांबता येत नाही. आम्हाला त्याला जवळजवळ दोन तास लागले. पोकळीत नितंबातून घेतलेली चरबी भरली. टोकात एक आणि दांड्यात एक अशा धातूच्या दोन बारीक खुणा ठेवल्या, म्हणजे पुढे त्यांच्यातील अंतर मोजून वाढ खरोखर होते का ते कळेल. बाहेरच्या बाजूला ग्रोथ प्लेटच्या वर-खाली दोन स्क्रूंची एक छोटी पट्टी बसवली. ती बाहेरची वाढ रोखून धरते, आतली बाजू मागून येऊन गाठते, आणि पाय वाढता वाढता स्वतःच सरळ होतो. या वेळी केसपेपरवर पुढच्या चार तपासण्यांच्या तारखा लिहिल्या आणि प्रत्येक तारखेपुढे, त्या दिवशी काय मोजणार व ते मोजले नाही तर काय होईल, हे मराठीत लिहून दिले. एकही तारीख चुकली नाही.

या शस्त्रक्रियेनंतर सहाव्या महिन्यात खुणांमधील अंतर ३ मिलिमीटरने वाढले होते. चौदाव्या महिन्यात आतली बाजू ८ मिलिमीटर वाढली होती, बाहेरची २, आणि दोन पायांतील फरक ८ अंशांवरून ३ अंशांवर आला होता. आतली वाढ आता मंदावत होती आणि पट्टी ठेवून आणखी मिळण्यासारखे फारसे नव्हते, म्हणून ती काढली. पण लांबीचा फरक या काळात १३ मिलिमीटर झाला होता, कारण पट्टीने बाहेरची बाजू रोखली तेव्हा संपूर्ण हाडाची सरासरी वाढही घटलीच होती. बाक सुधारण्याची ही किंमत आम्ही आधी सांगितली होती. पट्टी काढताना त्याच भुलीत डाव्या पायाची ग्रोथ प्लेट बंद केली असती तर फरक तेवढ्यावरच थांबवता आला असता. वडील म्हणाले, ‘चांगल्या पायाला हात लावू नका.’ मी आग्रह धरला नाही. दोन सेंटिमीटरपर्यंतचा फरक बुटाच्या आत टाचेखाली गादी घालून सुखाने चालतो, आणि आमचा अंदाज त्याच्या आत राहण्याचा होता.

शेवटचे मोजमाप

उजवी ग्रोथ प्लेट डावीच्या आधी मिटली, हे अपेक्षितच होते. १७ व्या वर्षी दोन्ही बाजूंची वाढ पूर्ण थांबल्याची खात्री झाली, तेव्हा उजवा पाय १७ मिलिमीटर आखूड होता, गुडघ्यातील फरक ४ अंश होता आणि नुसत्या डोळ्यांना पाय सरळ दिसत होता. गुडघा पूर्ण वाकत होता, बसून-उठून त्रास नव्हता. डाव्या-उजव्या मांडीच्या घेरात एक सेंटिमीटरचा फरक राहिला आहे. दहा मिलिमीटरची गादी तो बुटात वापरतो, चप्पल घातली की विसरतो. कबड्डी सुटलेली नाही. चढाई सोडून तो आता कोपऱ्यात खेळतो, आणि ज्या पकडीने त्याचा गुडघा गेला त्याच पकडीत तो तरबेज झाला आहे, हे त्याने स्वतः हसत सांगितले. समोरचा चढाईपटू पाय रोवून उभा असेल तर बाजूने गुडघ्यावर भार टाकायचा नाही, हे त्याने लहान मुलांना शिकवताना आवर्जून सांगावे, असे मी त्याला म्हटले. त्याने मान डोलावली, पण त्याचे लक्ष भिंतीवरच्या उंचीच्या पट्टीकडे होते.

‘सर, भरतीत बूट काढूनच मोजतात ना?’

बूट काढून, टाचा भिंतीला लावून मोजले. दोन्ही टाचा टेकवल्या की कंबर उजवीकडे किंचित उतरते, म्हणून एकदा दोन्ही पायांवर आणि एकदा भार डाव्या पायावर घेऊन मोजले. पहिल्या वेळी १६५.५ आली, दुसऱ्या वेळी १६६. मी केसपेपरवर पहिला आकडा लिहिला.